जुना रीलोडिंग प्रेस घेताना काय तपासायचं?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी .३०८ विंचेस्टरने टार्गेट शूटिंग करतो. झाडलेल्या पुंगळ्या कधी टाकल्या नाहीत, त्यांचे आता चार डबे झालेत. त्यांत नवा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी घालून त्या स्वतः भरायच्या, म्हणजे रीलोडिंग करायचं, असं मनात आहे. महिन्याला शंभर-सव्वाशे, त्याहून जास्त नाही. परवाना, साठवणुकीचे नियम वगैरे माझ्यापुरतं पाहून झालंय, तेव्हा चर्चा तिकडे वळली नाही तर बरं.

रेंजवरचे एक ज्येष्ठ नेमबाज नजर कमी झाल्यामुळे हे काम थांबवताहेत. त्यांच्याकडे यासाठीचे दोन प्रेस (पुंगळ्या दाबायची हातयंत्रं) आहेत, त्यातला एकच मला घेता येईल.

पहिला आरसीबीएसचा जुना हिरवा रॉक चकर. बिडाचा, ओ फ्रेम (चहूबाजूंनी बंद चौकट), सिंगल स्टेज. रॅमवर (पुंगळी वर ढकलणाऱ्या दट्ट्यावर) गंजाचे डाग, प्रायमर बसवायचा हात गायब, आणि रॅम वर नेला की किंचित हलतो.

दुसरा डिलनचा निळा ५५०, प्रोग्रेसिव्ह. दिसायला कोरा. कुठलाही घेतला तरी सोबत एक खोकंही मिळेल: डाय (प्रेसमध्ये बसवायचे साचे), काटा, पावडर मेझर (दारू मापून टाकायचं साधन) आणि दारूचे तीन डबे. एका डब्याचं लेबल निघालंय.

खरं सांगायचं तर मन निळ्याकडे ओढतंय. गंज बघून हिरव्याची धास्ती वाटते. काय काय तपासू?

लोखंडी_चणे

हिरवा घ्या. धागा बंद करायला हरकत नाही.

धडाधड

@लोखंडी_चणे, एवढी कसली घाई? आधी त्यांना कळू तर द्या सिंगल स्टेज म्हणजे काय हमाली आहे ते. एका वेळी एकच डाय. शंभर पुंगळ्या एकेक करून साइझ करा (दाबून मूळ मापावर आणा), मग डाय बदला, मग शंभर गोळ्या एकेक करून बसवा, आणि मधे प्रायमर आणि दारू हा वेगळाच कार्यक्रम. ५५० ला चार स्टेशनं आहेत. चारही भरली की दांड्याच्या दर ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं. मी शनिवारी सकाळी बसलो तर चहा गार व्हायच्या आत आठवड्याचं काम उरकतो.

रिकामी_तुंबडी

अडाणी प्रश्न आहे, हलके घ्या. हे घरी करायला परवानगी असते?

तिसरा_डोळा

देशागणिक वेगळं, काही ठिकाणी राज्यागणिकही. कुठे छंद म्हणून सर्रास चालतं, कुठे वेगळा परवाना लागतो, कुठे सरळ गुन्हा ठरतो. आपल्या इथलं नीट पाहिल्याशिवाय एक प्रायमरसुद्धा घरात आणू नये. धागाकर्त्यांनी ते आधीच लिहिलंय, त्यामुळे इथेच थांबते.

ओतकाम

@कोरी_पाटी, गंज बघून घाबरलात आणि नवा रंग बघून भुललात. जुनं यंत्र घेताना नेमकं उलटं करायचं असतं. गंज दिसतो म्हणून तो कळतो. ताज्या रंगाखाली काय आहे ते कळत नाही. माझं उभं आयुष्य बीड ओतण्यात आणि ते कापण्यात गेलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी फ्रेम. बीड वाकत नाही, चिरतं. कुणीतरी दांड्यात पाइप घालून अडकलेली पुंगळी ओढली असेल, प्रेस टेबलावरून पडला असेल, तर चीर पडते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यावर आमचा जुना उपाय: फ्रेमला रॉकेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने खरवडून पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. तीन जागा मुख्यत्वे बघा. डाय जिथे बसते त्या वरच्या डोक्याच्या दोन्ही कडा, रॅमच्या भोकाभोवतीचा भाग, आणि बोल्टचे कान. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी चीर दिसली तर प्रेस मोफत मिळाला तरी घेऊ नका.

मग आटे. डायचे आटे बहुतेक सगळीकडे एकाच मापाचे असतात, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे. एक चांगली डाय खिशात घालून न्या. ती दोन बोटांनी वरपासून खालपर्यंत फिरली पाहिजे. मधेच अडली तर आट्यात मळ असेल, तो ब्रशने निघतो. पण चढताना डगडगली आणि शेवटपर्यंत डगडगतच राहिली तर आटे खाल्लेले आहेत.

आता रॅमचं हलणं. सगळे रॅम वर नेतात, हाताने हलवतात आणि तोंड वाकडं करतात. अहो, मोकळा रॅम थोडा हलणारच. पुंगळी डायमध्ये शिरली की डायच तिला मध्यावर आणते. हलतो किती यापेक्षा कसा हलतो ते बघा. चहूबाजूंनी सारखा हलला तर ती रोजच्या वापराची झीज, चालेल. एकाच दिशेला हलत असेल आणि दुसऱ्या दिशेला गच्च असेल तर भोक लंबगोल झालंय. झाडलेल्या प्रायमरची राख वाळूसारखी खरखरीत असते. ती वर्षानुवर्षं रॅमवर पडत राहिली आणि कुणी पुसली नाही की असं होतं. तुमच्या ज्येष्ठांना पुसायची सवय होती का, ते रॅमच्या पुढच्या अंगावरचे उभे ओरखडे सांगतील.

दांड्याच्या खिळी ढिल्या असतील तर त्याची चिंता नको. कुठलाही टर्नर तासाभरात नव्या करून देईल.

शेवटची परीक्षा अक्षाची. शेल होल्डर (रॅमवर पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) लावा, रॅम पूर्ण वर, आणि डाय त्याला जेमतेम टेकेपर्यंत खाली. आता पातळ कागदाच्या चार पट्ट्या चारी बाजूंनी मधे धरून एकेक ओढा. चारही सारख्या अडकल्या तर उत्तम. एक बाजू सैल निघाली तर लगेच प्रेसला नावं ठेवू नका. डाय अर्धा फेरा फिरवा, लॉक रिंग पुन्हा बसवा आणि परत ओढा. सैल बाजू डायबरोबर फिरली तर दोष डायच्या तोंडात. जागच्या जागी राहिली तर प्रेसमध्ये.

सूत_सूत

ओतकामकाका, दंडवत. एक भर घालतो आणि एक बारीक चिमटा काढतो.

भर अशी की ही परीक्षा रिकामी करून भागत नाही, ओझ्याखालीही करा. .३०८ ची पुंगळी वंगण लावून साइझ करताना दांडा तळाशी असतानाच टॉर्च मारून बघा. रिकामं असताना नसलेली फट आता दिसेल, कारण फ्रेम आणि खिळी ताणल्या जातात. ओ फ्रेममध्ये ती केसाएवढी असते. पुढून उघड्या सी फ्रेममध्ये, त्यातही ॲल्युमिनियमच्या, जास्त असते. म्हणून तर डाय टेकल्यावर आणखी अष्टमांश ते पाव फेरा खाली घ्यायला सांगतात. इंचाला १४ आटे म्हणजे एका फेऱ्याला १.८ मिलिमीटर, अष्टमांशाला सव्वादोन दशांश मिलिमीटर. तेवढ्याने फट मिटली तर प्रेस ठणठणीत.

चिमटा असा की अक्षाला तुम्ही फार महत्त्व देता. काडतूस वाकडं निघण्यात प्रेसचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा फार लहान असतो. मी डायल गेजवर पुंगळ्या फिरवून फिरवून बघितल्यात. साइझिंग डायच्या आतल्या एक्स्पांडर बॉलवरून (मान आतून रुंद करणाऱ्या गोळ्यावरून) पुंगळीची मान परत ओढली जाते तेव्हा ती सगळ्यात जास्त वाकते. फॉर्स्टरचा को-ॲक्स प्रेस तर मुद्दामच सैल ठेवलाय. डाय आट्यात न बसवता खाचेत सरकवतात, पुंगळीला जबडे धरतात, दोन्ही आपापलं मध्य शोधतात. आणि त्याचं नाव अचूकतेसाठीच घेतलं जातं.

ओतकाम

चिमटा कबूल. पण को-ॲक्समधली मोकळीक आखून दिलेली असते. झिजलेल्या भोकातली मोकळीक कुणी आखलेली नसते.

धडाधड

सगळं पटलं, पण शंभर पुंगळ्यांची हमाली कुणी मोजतच नाहीये.

तिसरा_डोळा

मला प्रेसपेक्षा त्या खोक्याचीच काळजी वाटतेय. त्यावर कुणीच बोलेना म्हणून लिहिते.

लेबल नसलेला डबा घरी न्यायचा नाही. बंद करून, नंतर बघू म्हणून, वास घेऊन ठरवू म्हणून, कशासाठीच नाही. पण माझं म्हणणं लेबल असलेल्या दोन डब्यांबद्दलही तेच आहे.

मी सुरुवातीला असंच एक खोकं घेतलं होतं. डब्यावर रायफलच्या एका नावाजलेल्या दारूचं लेबल, सुवाच्य, झाकण घट्ट. त्या दारूचे दाणे बारीक काड्यांसारखे असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. झाकण उघडून कागदावर चमचाभर ओतली तर आत चपट्या पाकळ्या. आधीच्या मालकाने रिकाम्या डब्यात दुसरीच काहीतरी भरून ठेवली होती, त्याच्या दृष्टीने डबा म्हणजे डबा. पाकळ्यांच्या दारू बहुधा पिस्तुलाच्या नाहीतर शॉटगनच्या, भरभर जळणाऱ्या असतात. रायफलच्या मापाने ती भरली असती तर बंदूक फुटली असती, आणि बंदुकीमागे माझा चेहरा होता. काड्या आणि पाकळ्या यांतला फरक दिसला म्हणून वाचले. दोन्ही काड्याच असत्या तर?

शिवाय दारू जुनी होते. चांगल्या दारूला स्पिरिटसारखा उग्र वास येतो. बिघडलेलीला आंबट, नाकाला झोंबणारा येतो आणि डब्यात तांबूस धूळ दिसते.

त्या पावडर मेझरची प्लॅस्टिकची नळीही बघा. ती पिवळी-तपकिरी पडली असेल, आत डाग धरले असतील तर मालक दारू तशीच भरलेली ठेवत होते. मग बाकीच्या सवयीही त्याच बेताच्या असणार.

कोरी_पाटी

@तिसरा_डोळा, अंगावर काटा आला. डबे रद्द. पण काटा तर घेऊ ना? (शब्दखेळ नाही, वजनाचा.)

तिसरा_डोळा

काटा घ्या, पण तपासणीची वजनं वेगळी नवी घ्या. दारू ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, एका पौंडात ७००० ग्रेन. दांडीचा काटा असेल तर पात्याखालच्या खाचेत धूळ बसून तो अडखळतो. हलकेच झुलवा. दर वेळी त्याच रेघेवर थांबतो का बघा.

गंजका_खिळा

वाखूसा (वाचनखूण साठवली). ओतकामांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावणार.

माझ्या नावाला जागून गंजाबद्दल. बोटाने लागणारा, नारिंगी, वरवरचा गंज म्हणजे काहीच नाही. रॉकेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, लांबीच्या दिशेने हलक्या हाताने. सॅंडपेपर लावलात तर गंज जाईल आणि रॅमचं मापही जाईल. गंज निघाल्यावर नखाला खड्डे लागले तर ते रॅमच्या कुठल्या भागात आहेत ते बघा. भोकात वरखाली होणाऱ्या भागात असतील तर ते कानशीसारखं काम करतात.

आणि जुना माल शोधणाऱ्या बाकीच्यांसाठी: नाव ओळखीचं आहे म्हणून उडी मारू नका. हर्टर्सचे जुने प्रेस म्हणजे लोखंडाचे डोंगर आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांना त्यांचेच शेल होल्डर लागतात आणि ती कंपनी कधीच बुडाली. डिलनचा स्क्वेअर डील बी छान चालतो, पण त्याच्या डाय फक्त त्याच्याच, नेहमीच्या ७/८ च्या बसत नाहीत, आणि तो पिस्तुलापुरताच. रॉक चकरला नेहमीचे शेल होल्डर आणि नेहमीच्या डाय लागतात, ही त्याची निम्मी किंमत समजा.

अवांतर: आरसीबीएस हे नाव आलं ‘रॉक चक बुलेट स्वेज’ यावरून. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला सुरुवात केली. .२२ रिमफायरच्या झाडलेल्या पुंगळ्यांपासून गोळीचं कवच करायच्या त्यांच्या डाय होत्या, आणि त्या गोळ्या रॉक चक नावाच्या डोंगरी घुशीसारख्या प्राण्यावर चालवायच्या. म्हणजे तुमच्या हिरव्या प्रेसचं मूळ भंगारात आहे. चार डबे पुंगळ्या जपणाऱ्याला शोभेल.

धडाधड

बरं, आता खरं सांगतो, कारण तिसरा_डोळा यांचं वाचून गप्प बसवेना.

५५० ला खालची चकती हाताने फिरवावी लागते, आपोआप फिरत नाही. मी .३८ स्पेशल भरत होतो. कुणीतरी हाक मारली, मान वळवली, परत वळून दांडा ओढला. चकती फिरवलीच नव्हती. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली. .३८ ची पुंगळी लांब आणि दारू चिमूटभर, त्यामुळे दुप्पट आरामात मावते, वरून काही कळत नाही. नशिबाने गोळी ठेवताना आत डोकावायची सवय होती. त्या दिवशीची सगळी भरलेली फोडली.

.३०८ मध्ये नेहमीच्या दारूने पुंगळी बऱ्यापैकी भरते, दुप्पट टाकली तर सांडेल. पण कोरी_पाटी उद्या पिस्तुलाकडे वळले तर? प्रोग्रेसिव्हवर चार कामं एकदम चालू असतात. एकेक काम वेगळं हाताखालून गेलेलं नसेल तर काय चुकलं ते कळत नाही. मी तीन वर्षं सिंगल स्टेजवर काढली होती, हे मी पहिल्या प्रतिसादात सोयीस्कर विसरलो.

५५० च्या नळीत प्रायमर एकावर एक रचलेले असतात हेही लक्षात असू द्या. एक उडाला तर सगळे उडू शकतात. ती नळी पोलादी कवचात का असते ते उगीच नाही. चष्मा घाला.

लोखंडी_चणे

मी काय म्हटलं होतं?

कोरी_पाटी

अपडेट. काल जाऊन आलो. ज्येष्ठांना खडू-रॉकेलचा कार्यक्रम फार आवडला, त्यांनी स्वतः फडकं हातात घेतलं.

आटे: डाय दोन बोटांनी पूर्ण गेली.

रॅम: चहूबाजूंनी सारखा हलतो. उभे ओरखडे जवळजवळ नाहीत. गंज पुसल्यावर खड्डे आहेत, पण सगळे वरच्या टोकाला, शेल होल्डरच्या बाजूला. भोकाच्या आत जातच नाहीत.

कागद: एक बाजू सैल निघाली! पोटात गोळा आला. डाय अर्धा फेरा फिरवली तर सैल बाजूही फिरली. म्हणजे दोष त्यांच्या जुन्या डायमध्ये. ओझ्याखाली केसाएवढी फट, अष्टमांश फेऱ्यात मिटली.

पण खडूवर रेघ दिसली. फ्रेमच्या बाहेरच्या कडेला, वरपासून खालपर्यंत सलग, अगदी सरळ. गेलं का सगळं?

ओतकाम

सरळ, सलग, दोन्ही बाजूंना अगदी मधोमध? नख फिरवा. रेघ वर आलेली लागते की खाली गेलेली?

कोरी_पाटी

वर आलेली. दुसऱ्या बाजूलाही तशीच आहे. आणि आता नीट बघितलं तर खडू तिथे ओला झालेला नाही, फक्त घासला गेलाय.

ओतकाम

ती साच्याची शिवण. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बिडावर अशी रेघ राहतेच. चीर सरळ जात नाही. ती वेडीवाकडी, बारीक टोकाची असते आणि खडूला ओलं करते. घेऊन टाका.

प्रायमरच्या हातासाठी अडून बसू नका. हातात धरून प्रायमर बसवायचं छोटं हत्यार मिळतं. त्यात बोटांना प्रायमर बसल्याचं कळतं, प्रेसच्या लांब दांड्यावर ते कळत नाही. आणि बाक भक्कम हवा. लाकडी स्क्रू नकोत, आरपार बोल्ट आणि खाली पट्टी. कान तडकतात ते खडबडीत फळीवर बोल्ट आवळल्याने.

कोरी_पाटी

घेतला. डबे नाकारल्यावर ज्येष्ठ हसले, म्हणाले बरं केलंस. लेबल नसलेल्यात काय आहे ते त्यांनाही आठवत नाही. त्यांनी त्यांची वही मात्र दिली. तारीख, दारू, वजन, गोळी, टार्गेटवरचा निकाल, सगळं बारीक अक्षरात.

सूत_सूत

वही जपा, पण त्यातली वजनं उतरवू नका. त्यांची बंदूक वेगळी, पुंगळ्या वेगळ्या, दारूची बॅच वेगळी. छापील मॅन्युअलमधलं सुरुवातीचं सगळ्यात कमी वजन घ्या आणि तिथून हळूहळू वर या. वहीतून लिहायची पद्धत उचला. आणि .३०८ च्या पुंगळीची लांबी २.०१५ इंचाच्या वर जाऊ देऊ नका, मोजत राहा.

तिसरा_डोळा

आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवा. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. बाकावर खाणं-पिणं नको. (@धडाधड, तुमच्या चहाबद्दल बोलतेय.)

धडाधड

ऐकलं.

कोरी_पाटी

आज नवी डाय आणली, पहिल्या पाच पुंगळ्या लोण्यासारख्या साइझ झाल्या. सहावीला वंगण लावायचं विसरलो. आता ती डायमध्ये आहे, तिची कड तुटून शेल होल्डरमध्ये आहे, आणि मी दांड्याला पाइप लावावा का या विचारात आहे.

ओतकाम

पाइप खाली ठेवा!! प्रेस आत्ताच तपासून घेतलाय.

डाय प्रेसमधून काढा. डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी डायमधली सुई) जेवढी वर घेता येईल तेवढी घ्या. पुंगळीच्या बुडातल्या प्रायमरच्या भोकातून ड्रिल मारा, आटे पाडा, बोल्ट घाला. बोल्टखाली एक जाड नळी आणि वॉशर, मग पाना फिरवत राहा. पुंगळी सरळ बाहेर येईल.

लोखंडी_चणे

अडकलेली पहिली पुंगळी कुणी टाकत नाही. माझी अजून बाकावर खिळ्याला लटकतेय.

कोरी_पाटी

निघाली. बोल्टसकट ठेवलीय.